जात्यावर कोणाचा हात

लोकांना वाटतं, लग्नात धवळे गाणाऱ्या बाईला, म्हणजे धवलारणीला, गाणी पाठ असतात. पाठ काहीच नसतं. चाल पाठ असते आणि कोणत्या विधीला काय विचारायचं, कोणाला आधी बोलवायचं, एवढा सांगाडा पाठ असतो. बाकी सगळं मांडवात बसल्यावर समोर जे दिसेल, कानावर जे पडेल, त्यातून तिथल्या तिथे उभं करायचं. एका लग्नात म्हटलेलं दुसऱ्या लग्नात चालत नाही. नावं वेगळी, माणसं वेगळी, भांडणं वेगळी.

आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. त्यासाठी शाळेतल्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या. "काकी, तुमच्या कामाचं लिहून द्या, चुकलं तर मी नीट करीन," म्हणाल्या. मी नको म्हटलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चार माणसांत बोलायची मला पहिल्यापासून लाज. शिवाय जे लिहिण्यासारखं आहे त्यातली निम्मी माणसं अजून इथेच सापगावात राहतात. पण बाई गेल्या आणि ते डोक्यातून जाईना. म्हणून ही वही घेतली. ही अंकात जायची नाही.

आमच्याकडे, शहापूर-मुरबाडच्या भातशेती करणाऱ्या लोकांत, लग्नाच्या प्रत्येक विधीला धवळे म्हणायला दोन बायका लागतात. एक पुढची, एक मागची. पुढची मी, मागची माझी मोठी जाऊ भिमाबाय. मी एक ओळ म्हणायची आणि भिमाबायने तीच ओळ दोन वेळा म्हणायची. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई नुसती री ओढते. तसं नाही. तिच्या त्या दोन वेळांत मला पुढची ओळ सुचायची असते. ती माझ्या विचाराची जागा. मी अडकले की भिमाबायला माझ्या खांद्यावरून कळायचं, मग ती ओळ लांबवायची, मध्ये एक "गो बाय" जास्तीचा घालायची. सुचलं की मी मान हलवायची. तोंडाने कधी ठरवलं नाही आम्ही.

एक नियम मात्र पक्का. गाण्यात ज्याचं नाव आलं, त्याने उठून यायचं. हळद लावायला असो, पाट मांडायला असो. सासू असो की सरपंच असो, धवलारणीने नाव घेतलं की बसून राहायचं नाही. आणि नाव राहिलं, तर त्या माणसाचा अपमान. एकदा कसाऱ्याच्या एका लग्नात नवरदेवाच्या धाकट्या मामाचं नाव माझ्याकडून सुटलं. मामा उठले, बाहेर आंब्याखाली खाटेवर जाऊन आडवे झाले, जेवायला येईनात. वरमाई रडायला लागली. मग मी बसल्या जागी मामांवरच गाणं धरलं. त्यांच्या मिशा घेतल्या, त्यांचा पांढरा बैल घेतला, हातातली बॅटरी घेतली. मामा हलेनात. शेवटी भिमाबाय माझ्या कानात पुटपुटली, "घड्याळ घे गो, नवीन हाय, मघापासून सगल्यांना दाखवतेत." मी घड्याळ घेतलं. मामा आले. येताना बाही वर सारून आले.

लग्नात बेंजो आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपलं काम संपलं. बेंजो पार्टी म्हणजे एक विजेवरचा बेंजो, एक कॅसियो, ढोलकी, ताशा आणि दोन मोठे भोंगे. त्यांच्यापुढे दोन बायकांचा आवाज काय टिकणार? किन्हवलीकडच्या बाळू मास्तरांची पार्टी तेव्हा फार चालायची. पहिल्या दोन लग्नांत आम्ही तोंड हलवत होतो एवढंच, ऐकलं कोणी नाही. तिसऱ्या लग्नात नवऱ्याचा टेम्पो सरळगावला बंद पडला आणि त्याच वेळी लाईट गेली. बेंजो मुका झाला. भर दुपार, मांडवात पाचशे माणूस, नवरा येत नाही, मुहूर्त चाललेला. मुलीचे वडील आमच्यापुढे येऊन म्हणाले, "बायांनो, काय तरी धरा, लोक उठाय लागलेत."

मी नवऱ्याची वाट धरली. वैशाखऱ्यापासून निघाला, या गावात कोण भेटलं, त्या गावात कोणी पाणी दिलं, टेम्पोला धक्का कोणी मारला. मांडवात त्या त्या गावचे पाहुणे बसलेले, त्यांची नावं घातली. नाव घेतलं की ते उठून नाचायचे. थोड्या वेळाने बाजूला ढोलकी वाजायला लागली. बाळू मास्तर स्वतः ढोलकी घेऊन आमच्याजवळ येऊन बसले होते. ते ऐकत होते. मी ओळ सोडली की थाप सोडायचे, भिमाबायने धरली की धरायचे. मी जिथे अडकले तिथे त्यांनी नुसत्या ढोलकीवर मला उभं ठेवलं. दोन तास गेले. नवरा आला तेव्हा लोकांना वाईट वाटलं.

मग मास्तर म्हणाले, "काकी, आमचं गाणं कुठं संपतं ते आमाला आधीच मायती असतं. तुमचं कुठं जाईल ते तुमालाच नाय मायती. मी तुमच्या तोंडाकडं बघून वाजवला. आसा मी कधी वाजवला नव्हता." मी खाली बघितलं. भिमाबाय बोलली, "मंग आता रोज तोंडाकडं बघशील काय रे?" सगळे हसले. पण त्या दिवसापासून मास्तर असले की विधीच्या वेळी भोंगे बंद, आणि बेंजो आमच्या मागून हळू.

हे सगळं सांगायचं कारण, पुढे जे झालं ते यातूनच झालं.

सुमन आमच्या भावकीतली. तिचे वडील दामूभाऊजी हे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, घरं एकाच आळीत. ती मला काकी म्हणायची. दहावीला बसून नापास झालेली, पण हुशार, सरळ. तिचं लग्न दामूभाऊजींनी वैशाखऱ्याच्या पलीकडच्या एका गावात ठरवलं. त्या गावाचं नाव लिहीत नाही. मुलगा एकुलता एक, कारखान्यात कामाला, भातशेती भरपूर. आळीत सगळे म्हणाले, सुमनने नशीब काढलं. दामूभाऊजी स्वतः चार वेळा जाऊन आले होते. सुमनच्या आईने, गंगूने, ते घर पाहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे आधी नवऱ्याला हळद लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीसाठी येते. ती अंगाला लागली की मुलगी त्या घरची झाली. मग अक्षता दुसऱ्या दिवशी पडल्या तरी मागे फिरता येत नाही. ती हळद घेऊन नवऱ्याची बहीण, करवल्या आणि त्यांच्या बाजूची धवलारीण येते. त्यांना मांडवाच्या दारात अडवायचं आणि घर विचारायचं. म्हणजे आमची मुलगी ज्या घरात जाणार, तिथे चुलीपाशी कोण आहे, विहिरीवर कोण जातं, अंगणात कोण झोपतं, हे मी गाण्यात विचारायचं आणि त्यांच्या धवलारणीने गाण्यात सांगायचं. भिमाबाय माझा सवाल दोनदा म्हणते. दुसऱ्यांदा संपायच्या आत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर ती बाजू हरली, मग हशा, टाळ्या, चिडवाचिडवी. उत्तर आलं की त्यातलं नाव उचलून मी त्याला आपली मुलगी जोडायची. हा खेळच असतो. सगळ्यात मजा यालाच येते.

दुपारी चारच्या सुमारास टेम्पो आला. सुमन पाटावर बसलेली, हातात हिरवा चुडा. त्यांची धवलारीण चिमाबाय म्हणून होती. मुरबाडकडची नावाजलेली, काळी, उंच, मिश्री लावलेले दात. आम्ही एकमेकींचं नाव ऐकून होतो, समोरासमोर पहिल्यांदाच. बायका पुढे सरकून बसल्या. बाळू मास्तर बेंजो मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसले.

मी धरलं, "चुलीच्या पाशी गो कोण बाय बसली?"

भिमाबायचं पहिलं म्हणणं संपत नाही तो चिमाबायचं उत्तर, "सासूबाय कोंडाई चुलीशी बसली, पाहुण्या बायांना बघून हसली."

बायका ओरडल्या. मी विहीर विचारली. तिने नणंदेचं, शांतीचं नाव घेतलं आणि वर आमच्याकडच्या बायकांना घागर डोक्यावर ठरत नाही म्हणून चिडवलं. मी त्यावर त्यांच्या विहिरीला पाणीच नाही म्हटलं. बेंजो मागे नाचत होता. फार वर्षांनी बरोबरीची बाई मिळाली होती. मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. आता मी सवाल पुरा करायच्या आत ती उत्तर घेऊन उभी.

"जात्याच्या खुंट्याला कोणाचा हात?"

"थोरल्या सुनंचा गो जात्याला हात."

मला काहीच वाटलं नाही. खरंच काही वाटलं नाही. उत्तर आलं, ते उचलायचं आणि सुमनला जोडायचं, एवढंच डोक्यात.

"थोरल्या सुनंच्या जोडीला आमची सुमन, दोघी गो दळतील एका जात्यावर."

भिमाबायने ते म्हटलं. आणि नेहमीप्रमाणे परत एकदा म्हटलं.

त्या दुसऱ्या वेळेला मांडवातला आवाज गेला. कसा गेला ते सांगता येत नाही. एक बाई हसता हसता थांबली, मग तिच्या शेजारची. मी जे म्हटलं ते मला भिमाबायच्या तोंडून पहिल्यांदा ऐकू आलं.

गंगू मुलीच्या पाटामागे उभी होती. ती बोलली, "थोरली सून? पोरगा तर एकलाच हाय ना? मंग थोरली कोणाची?"

नवऱ्याची बहीण शांती पटकन पुढे आली. "चुलत गो वयनी, चुलत! आमच्या चुलत्याची सून. हळद दळाया आली व्हती. ह्या बायला काय कळतंय?" आणि चिमाबायला कोपराने ढोसलं. 

"चुलत हाय, चुलत हाय," असं बायका एकमेकींना सांगायला लागल्या. सुटल्यासारखं झालं सगळ्यांना. कोणीतरी म्हणालं, चला, आटपा, हळद लावा. शांती वाटी घेऊन पाटाकडे निघाली.

मी चिमाबायकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मघापासून माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणणारी बाई, आता मान वर करेना.

मी पुरुषांसमोर कधी बोललेली नाही. दामूभाऊजी समोर उभे, सासऱ्यांच्या वयाचे चार जण बसलेले. उठून "थांबा, खरं काय ते सांगा" असं म्हणणं माझ्याच्याने या जन्मात झालं नसतं. पण घर विचारणं अजून संपलेलं नव्हतं, आणि ते संपेपर्यंत हळद लावायची नाही. माझ्याकडे तेवढंच होतं. मी धरलं.

"थोरल्या सुनंच्या कपाळी कुंकू, कुंकू गो कोणाच्या नावाचं?"

शांती थांबली आणि परत चिमाबायला चिकटून उभी राहिली. भिमाबायने एकदा म्हटलं. चिमाबाय गप्प. दुसऱ्यांदा म्हटलं. गप्प. नियमाने ती बाजू हरली होती, हसून सोडून द्यायचं होतं. पण भिमाबायने तिसऱ्यांदा म्हटलं. इतक्या वर्षांत तिने कधी तिसऱ्यांदा म्हटलं नव्हतं. बाळू मास्तरांनी एकच सूर धरून ठेवला, तो सोडला नाही. भिमाबायने चौथ्यांदा धरलं, अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत. आणि चिमाबायने तोंड उघडलं.

"ज्याची हळद आणली गो बाय, कुंकू त्याच्याच नावाचं."

पहिल्यांदा गंगू ओरडली. मग सगळेच. कोणी चिमाबायच्या अंगावर गेलं, कोणी शांतीच्या. शांती रडत सांगायला लागली, पहिलीला मूल होत नाही, सात वर्षं झाली, ती स्वतःच तयार आहे, घरात राहील एका कोपऱ्यात. गंगू नवऱ्याकडे वळली आणि बोलली, "आवो, आयकताव ना? हाकला ह्यांना! पोलीसपाटलाला बोलवा!"

दामूभाऊजी हलले नाहीत. मला वाटलं, माणसाला धक्का बसला. मग ते माझ्याकडे बघून बोलले, "तुला कोणी इचाराय सांगितला व्हता?"

कोणाला कळेना. गंगूने विचारलं, "म्हंजे? तुमाला मायती व्हता?"

"व्हता मायती," ते म्हणाले. "त्यात काय झाला? जमीन हाय, नोकरी हाय. पोराबालाची आई व्हईल, राज करील. मांडव पडलाय, आवतण गेलाय. ती कोपऱ्यात राहाते तर राहूंदे. चल गो शांते, लाव हळद."

पहिला धक्का काहीच नव्हता. दुसऱ्या घरच्या माणसांनी फसवलं, हे समजण्यासारखं. पण मुलीच्या बापाला माहीत होतं आणि त्याने ते घर चार वेळा पाहून पसंत केलं होतं. आणि त्याहून मला घाबरवलं ते हे, की त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. भावकीतले मोठे जमिनीकडे बघत होते. पाच मिनिटांपूर्वी आरडाओरडा करणारी माणसं. गंगू खाली बसली. शांतीने डोळे पुसले आणि हळदीची वाटी परत उचलली. होणार होतं. सगळं पुढे चालणार होतं.

तेव्हा सुमन बोलली. पाटावरूनच, अगदी साध्या आवाजात.

"काकी, माझा नाव घे."

तिला काय हवं होतं ते मला लगेच कळलं. नवरीने पाटावरून आपलं आपण उठायचं नसतं. पण धवलारणीने नाव घेऊन उठवलं तर बसून राहायचं नसतं. पाटावर बसवायचं गाणं असतं. हळद न लागताच उठवायचं कुठे असतं? माझ्या आईकडे नव्हतं, तिच्या आईकडे नव्हतं. मला काही सुचेना.

दामूभाऊजी मागे वळून ओरडले, "मास्तर, वाजव रे! जोरात वाजव! बघत काय बसलाव?"

बाळू मास्तरांना त्यांनीच ठरवून आणलेलं होतं. मास्तरांनी बेंजोवरचा हात काढून घेतला आणि बाजूला ठेवला. म्हणाले, "भाऊ, बायचा संपला नाय अजून."

मी पदर दातात धरला होता तो सोडला.

"ऊठ गो सुमन, ऊठ गो बाय, पाट हा दुसरीचा, तुझा नाय."

भिमाबायने ते एकदा म्हटलं. तिचा आवाज फाटला. आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिच्यासोबत आणखी एक आवाज आला, जाडा, खालचा. मी बघितलं तर चिमाबाय. नवऱ्याच्या घरची धवलारीण आमची ओळ म्हणत होती.

सुमन उठली. शांतीच्या हातातल्या वाटीला अंग न लावता बाजूने गेली आणि घरात शिरली. गंगू तिच्या मागे गेली. आतून कडी लागली.

चिमाबायला त्यांनी टेम्पोत घेतलं नाही. बाळू मास्तरांनी आपल्या सामानाच्या गाडीत ताशाशेजारी बसवून तिला किन्हवलीपर्यंत सोडलं.

त्यानंतर दोन लग्नसराया आम्हाला कोणी बोलावलं नाही. लग्न मोडलं हा आरोप होताच, पण लोकांचा खरा राग वेगळाच होता. सगळ्यांची खात्री झाली की हे आम्ही आधी ठरवलं होतं. मी, भिमाबाय, चिमाबाय आणि बेंजोवाला. इतकं बरोबर बसलेलं तिथल्या तिथे कसं सुचेल? आमचे हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी विचारलं, "खरा सांग, कधी ठरवलाव?" पंचांनी दोघींना बोलावून तेच विचारलं. मी पदराआड गप्प. भिमाबाय बोलली, "ठरवला आसता तं बरा नसता का ठरवला? 'बाय'ला 'नाय' जुलवून मोकली झाली ही. आसला गाना कोण ठरवून आणतो?" एक म्हातारे पंच हसले, पण विश्वास कोणी ठेवला नाही.

त्याचं मला फार वाईट वाटायचं. आमच्या कामाची सगळी किंमत त्यातच होती की ते ठरवलेलं नसतं. भिमाबायने तिसऱ्यांदा म्हणायचं कुठे लिहिलेलं होतं? मास्तरांनी हात काढायचा कोणी सांगितलं होतं? चौघं एकमेकांकडे बघत होतो, दुसरं काही नाही. आणि लोक त्याला कट म्हणाले.

सुमनचंही सोपं झालं नाही. पाटावरून उठलेली मुलगी म्हणून तिला कोणी मागणी घालेना. दोन वर्षांनी लावणीच्या वेळी आम्ही एका शेतात होतो. ती रोपं टाकता टाकता माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकी, उठवलास बरा केलास. पण आता बसवायला कोण येतो का बघ." मी पुढची मूठ सोडवली आणि लावायला घेतली. सहा-सात वर्षांनी कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर असलेल्या एका बायको वारलेल्या माणसाशी तिचं लग्न झालं, कचेरीत जाऊन सह्या करून. हळद नाही, मांडव नाही. आता दोन मुलं आहेत. नवरा शांत आहे. बरं चाललंय म्हणते, आणि मी ते खरं धरते.

भिमाबाय वारली. तिच्यानंतर मी एक-दोन लग्नं दुसऱ्या बाईबरोबर केली, पण ती माझ्या तोंडाकडे बघत नसे, वहीत बघत असे. मग सोडलं.

चिमाबाय मला परत भेटली ती सरळगावच्या बाजारात. वाल विकायला बसली होती, पाठीत वाकलेली. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. मी तिच्या पोत्याशेजारी बसले. बाजाराच्या गडबडीत मला बोलता येतं. विचारलं, "तू खरा का सांगितलास गो? तुला गप्प ऱ्हाता आला आसता."

ती म्हणाली, "मी कुठं खरा सांगाय निंगाली व्हती? मला आदल्या दिशी मायती पडला. सकाली तिच्या हातात जाता दिला व्हता त्यांनी. नवऱ्याच्या हळदीची हळद तिनंच दळली, एकटीनं. तू बोललीस जात्याला कोणाचा हात, नि माझ्या डोळ्याम्होरं तीच आली. तोंडातनं गेला."

"आणि कुंकू?"

"ते तुझ्या जावेनं चारदा इचारला. चारीदा मी खोटा शोधत व्हती गो. शांती मांडीला चिमटे घेत व्हती. चालीत बसंल आसा एकबी खोटा गावला नाय. खोटा घरनं जुलवून आणाया लागतो. मी नव्हता आणला."

मी हसले. ती नाही हसली. मग म्हणाली, "तुला वाटत आसंल, आपुन काय तरी थांबवला."

"म्हंजे?"

"दोन म्हयन्यांनी केला ना त्यांनी दुसरीकडं. घाटावरनं पोरगी आणली, कोवली. मला बोलवाचा तर सवालच नव्हता. कोणच धवलारीण नाय सांगितली. टेपवर लावली गाणी. हळद येताना, लागताना, सगला टेपवर. कोणी काय इचारला नाय."

मी वाल घेतले आणि घरी आले.

गेल्या गौरीला सुमन माहेरी आली होती. माझ्याकडे ओसरीवर बसली. मी तिला हे सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, मनात ठेववेना. तिने सगळं ऐकून घेतलं, थोरलीने हळद दळल्याचं, टेपचं. मग विचारलं,

"तिचा नाव काय गो, त्या घाटावरच्या पोरीचा?"

चिमाबायला मी खऱ्याचं विचारलं, कुंकवाचं विचारलं. त्या मुलीचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं.